चौथ्या पिंजऱ्यातला कारागीर

५ जानेवारी, सोमवार

फवारा फुटला! शिवशंकरच्या हातून पडला आणि तोंडच तुटलं त्याचं. म्हणतो, ‘आपोआप पडला.’ आपोआप कसा पडतो?

फवारा नाही म्हणजे प्रयोग नाही. उंदरांच्या पाठीवर साखरेचं पाणी फवारायचं. अंग चिकट झालं की ते स्वतःला चाटून-पुसून साफ करायला लागतात. किती वेळ करतात ते मी लिहायचं, किती खातात ते माझ्या जोडीदारानं, शिवशंकरनं मोजायचं. अर्ध्या उंदरांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. त्या औषधानं मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं. ते वाढलं की भूक आणि साफसफाई यांचं काय होतं, एवढाच आमचा प्रश्न. एम.फार्म.चं अख्खं शेवटचं वर्ष या प्रश्नावर!

आमच्या गाईड राजनंदिनी मॅडम म्हणाल्या, नवीन फवारा मागवला तर यायला पंधरा दिवस. मी म्हटलं, मॅडम, मी उद्या आणते.

संध्याकाळी बसमधून उतरून सरळ अब्बांच्या दुकानात. कनेरगाव नाक्यावर ढाब्याच्या बाजूला आमचं दाढी-कटिंगचं दुकान. गिऱ्हाईकाच्या केसांवर पाणी मारायची बाटली मागितली.

‘कायको?’

‘उंदरांवर पाणी मारायला.’

अब्बांनी वस्तरा थांबवला. खुर्चीतला माणूस आरशातून माझ्याकडे बघून राहिला.

‘एवढं शिकून बी कटिंगच करून राहिली का गं? तेबी उंदराची?’ अब्बा म्हणाले.

सगळं दुकान हसलं. बाटली मिळाली.

८ जानेवारी, गुरुवार

अब्बांचा फवारा झकास! कॉलेजचा धबाधबा मारायचा, हा धुक्यासारखा मारतो. उंदीर दचकतसुद्धा नाहीत. आधी नाक, मग तोंड, मग कानामागून दोन्ही हात फिरवून खाली, मग पाठ, शेवटी शेपूट. दर वेळी हाच क्रम. आपा, माझी मोठी बहीण, अंघोळीहून आल्यावर असंच करते — आधी चेहरा पुसणार, मग कान.

मॅडम म्हणतात, जनावर उदास असलं की अंग साफ करणं सोडतं. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, ‘हौ, माणूस बी तसाच. एखाद्याची दाढी वाढून राहिली की मी समजतो, घरी काही तकलीफ आहे.’

११ जानेवारी, रविवार

वाशिमहून पाहुणे येऊन गेले. पसंत!! आपा पसंत पडली!

मुलगा अय्याज. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आज आला नव्हता, फक्त त्याची अम्मी आणि दोन मावश्या. बाई बोलायला गोड. आपानं चहा नेला तेव्हा म्हणाल्या, ‘तरन्नुम म्हणजे सूर. पोरगी नावासारखीच आहे.’ आपा खाली बघून हसली. रमजानच्या आधी मंगनी करून टाकू म्हणाल्या — आठ फेब्रुवारी. अम्मीनं ते गेल्यावर मला गच्च मिठी मारली. आपाला मारायच्या ऐवजी मला! कारण आपा तोवर स्वयंपाकघरात भांडी घासायला बसली होती.

मी तिला म्हटलं, ‘आज तरी स्कार्फ काढून वेणी दाखवायची होती.’

‘थंडी वाजते,’ म्हणाली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांतीची सुट्टी. पण उंदरांना सुट्टी नसते. गेले तर शिवशंकर आधीच हजर. पुसेगावहून आईनं दिलेला तिळगूळ घेऊन आला होता. ‘घे, गोड बोल,’ म्हणाला. मी पिंजऱ्यांकडे बघितलं आणि गोडबिड काही बोलले नाही, ओरडलेच.

चौथ्या पिंजऱ्यातल्या उंदरांना मिशाच नाहीत!

सगळ्या माद्याच त्या. चारपैकी तिघींच्या मिशा जवळजवळ साफ. तोंडावरचे केसही गेलेले, गुलाबी कातडी दिसतेय. जखम नाही, रक्त नाही. मॅडमना फोन लावला. मॅडमचा आवाज बदलला. बुरशी असेल तर सगळे पिंजरे गेले. औषधाचा परिणाम असेल तर प्रयोगच गेला.

तिळगूळ हातात तसाच वितळला.

१५ जानेवारी, गुरुवार

बुरशी नाही. तपासलं. मग काय? मॅडम म्हणाल्या, बसून बघ.

१६ जानेवारी, शुक्रवार

सापडलं सापडलं सापडलं!

दुपारपर्यंत काहीच नाही. मान आखडली. चारही गठ्ठा करून झोपलेल्या. मग एक उठली — जिच्या मिशा शाबूत आहेत ती. दुसरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि उरलीसुरली मिशी दातांनी कचकच कापली! एक झाली की दुसरी. आणि ती बसलेली उंदरीण पळते का? अजिबात नाही. डोळे मिटून मान वर करून बसलेली — दाढी करून घेताना माणसं बसतात अगदी तशी. तिची झाली, ती उठली, तर तिसरी येऊन त्याच जागी बसली! नंबर लावून!

मी हसत हसत मॅडमच्या खोलीत. त्या आल्या, वाकून बघितलं, त्यापण हसल्या. म्हणाल्या, हे आधी बघितलेलं आहे लोकांनी, इंग्रजीत त्याला न्हावीकामच म्हणतात. अंग साफ करायची जी ओढ मेंदूत असते ती मर्यादेच्या बाहेर गेली की असं होतं. कोणाच्या डोक्यात असं का होतं ते नीट कुणालाच माहीत नाही. माणसांतही असलंच काहीतरी असतं. एक लेख देते, वाच.

शिवशंकरनं त्या उंदरिणीला लगेच नाव ठेवलं — कारागीर. दुकानात अब्बांच्या हाताखालच्या माणसाला कारागीर म्हणतात हे त्याला मीच सांगितलेलं. तिला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं. चौथा पिंजरा प्रयोगातून बाद. बाकीचे वाचले!

१७ जानेवारी, शनिवार

जेवताना घरी सगळ्यांना मोबाइलवर कारागीर दाखवली. अब्बांना ठसकाच लागला. ‘अगे, आपल्या बिरादरीची निकली ना ही! हात बघ कसा धरला! बराबर धरला!’ दोनदा लावायला लावलं. उद्या दुकानात सगळ्यांना दाखवणार म्हणे. अम्मीनं पदर तोंडाला लावला आणि हसता हसता भाकरी करपवली.

आपा हसली नाही. तिनं मोबाइल हातात घेतला, पुन्हा बघितलं. मग विचारलं,

‘ही दुसरीचे काढते. स्वतःचेच काढणारी असते का गं?’

‘असते की! मग तिला टक्कल पडतं!’ मी म्हटलं. सगळे परत हसले.

२० जानेवारी, मंगळवार

कारागीर एकटी आहे. समोर गिऱ्हाईक नाही. आता स्वतःच्याच पुढच्या पायाचे केस काढून राहिली. एक पाय तर पार उघडा झाला. खाते बरी, पण मधेच खाणं टाकून पायाला लागते.

२२ जानेवारी, गुरुवार

मॅडमनी दिलेला लेख बसमध्ये वाचला. माणसांबद्दलचा भाग. काही जणांचा हात आपोआप केसांत जातो. एक केस निवडतात, ओढतात. बहुतेक मुली. टक्कल लपवतात — ओढणी, टोपी, भांग बदलून. शरम वाटते म्हणून वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. घरच्यांनासुद्धा माहीत नसतं.

माझा थांबा आला आणि गेला. पुढच्या थांब्यावर उतरून उलटी चालत आले.

टक्कल पडतं, म्हटलं मी. हसून म्हटलं.

२५ जानेवारी, रविवार

गच्चीवर गेले. अम्मी शेजारी गेली होती, अब्बा दुकानात. आपा उन्हाकडं पाठ करून बसलेली, केस धुतलेले, मोकळे. माझा पाय वाजला तसा तिनं टॉवेल ओढला. पण मला दिसलं.

माथ्यावर तळहाताएवढी उघडी जागा. मधेमधे बारीक खुंट.

मी तिच्या बाजूला जाऊन बसले. खाली ढाब्यावर ट्रक लागत होते. मग मीच म्हटलं,

‘आपा, मी त्या दिवशी हसायला नको होतं.’

टॉवेल तोंडावर घेऊन ती रडली. मग बोलली. बारावीच्या परीक्षेपासून आहे. मधे दोन वर्षं थांबलं होतं. ‘हात जातो गं. कधी गेला तेच कळत न्हाई. शिलाई करताना मशीन थांबवलं की दुसऱ्या मिनिटाला हात वर. केस मुळापासून निघाला की बरं वाटतं — एवढंसं. मग इतकं वाईट वाटतं!’ तिला वाटायचं तिच्यावर काहीतरी बाहेरचं आहे. किंवा ती येडी आहे. दुवा पढून बघितली, हाताला मेंदी लावून बसली, हातमोजेसुद्धा घातले.

मी म्हटलं, येडी नाहीस. याला नाव आहे. पुष्कळ जणींना असतं. मेंदूतली गोष्ट आहे — उंदरांमध्येसुद्धा होते.

‘उंदराला बी?’

‘उंदराला बी.’

ती रडत होती आणि त्यातच फस्सकन हसली. ‘म्हणजे मी आणि ती कारागीर!’

‘तिच्यापेक्षा तू बरी,’ म्हटलं, ‘तू दुसऱ्याच्या मिशा तरी खात नाहीस.’

इतकी हसलो दोघी! खालून ढाब्यावरच्या माणसानं वर बघितलं.

२६ जानेवारी, सोमवार

अम्मीला सांगू नको म्हणाली. मंगनीला चौदा दिवसही राहिले नाहीत.

२८ जानेवारी, बुधवार

बांगड्या बघायला जातो म्हणून निघालो आणि हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. मानसोपचाराच्या खोलीबाहेर आपा म्हणाली, ‘कोणी वळखीचं बघितलं तर?’ मी म्हटलं, तर तेबी दाखवायलाच आले असतील ना!

डॉक्टरीण तरुण, बोलायला घाई नाही. आपानं स्वतः स्कार्फ काढला. डॉक्टरीणबाईंनी नीट बघितलं, केस गिळतेस का विचारलं. आपा घाबरून नाही म्हणाली.

मी मधेच सेरोटोनिन सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अभ्यास चांगला आहे तुमचा. पण उंदराचं लगेच माणसाला लावू नका. वाढवलं एक रसायन आणि थांबला हात, इतकं सोपं नाही हे. गोळी लागली तर देऊ. आधी हाताला ओळखू.’

कान गरम झाले माझे. पण त्यांचं खरंच आहे.

आपाला शिकवलं ते असं : हात कधी वर जातो ते बघायचं. जायला लागला की मूठ मिटायची, किंवा हाताला दुसरं काम द्यायचं — बारीक, बोटांचं. दर आठवड्याला यायचं. आपानं विचारलं, ‘केस येतील?’ ‘येतील. हळूहळू. मधे पुन्हा हात गेला तर हरले असं समजायचं नाही.’

येताना बांगड्या घेतल्या. खोटं बोललो नाही असं झालं!

३१ जानेवारी, शनिवार

बोटांचं काम म्हणून आपानं शेंगा निवडल्या. भुईमुगाच्या. मशीन थांबलं की शेंग फोडायची. तीन दिवसांत पायलीभर शेंगा संपल्या. काल दाण्याची चटणी, आज दाण्याची आमटी, डब्यात पुन्हा चटणी. शिवशंकर म्हणाला, तुमच्याकडं दाण्याची दुकानदारी सुरू झाली काय?

अम्मी : ‘हिला काय झालं? दिवसभर फोडूनच राहिली!’

अब्बा : ‘फोडू दे ना. खायला मी आहे.’

त्यांना काहीच माहीत नाही. मजेत खातात.

२ फेब्रुवारी, सोमवार

संकट. वाशिमहून फोन. मंगनीला मुलाची अम्मी आपाच्या केसांत स्वतःच्या हातानं फुलं घालणार. त्यांच्याकडे रिवाज आहे. स्कार्फ काढावाच लागणार, सगळ्या बायकांसमोर.

आपा जेवली नाही. शेंगाही नाही. मशीनसमोर बसून होती आणि हात वर होता. मी जवळ गेले तेव्हा तिनं स्वतःच खाली घेतला. बोटात एक लांब केस.

‘मी सांगते,’ म्हणाली. ‘अब्बांना. आधी अब्बांना.’

३ फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवार, दुकान बंद. अब्बा एकटेच आत साफसफाई करत होते. शटर अर्धं खाली. आपानं मला हाताला धरून नेलं. लहानपणानंतर पहिल्यांदा ती दुकानात शिरली. अब्बा म्हणाले, ‘काय गं, काय झालं?’ ती सरळ खुर्चीत जाऊन बसली, आरशात बघत, आणि स्कार्फ काढला.

अब्बांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

‘कोणी केलं हे?’ आवाज असा की मी घाबरले.

‘मीच, अब्बा.’

मग तिनं सगळं सांगितलं. न थांबता. बारावीपासून दवाखान्यापर्यंत. अब्बा आरशातून ऐकत होते. संपलं तेव्हा ते बाकावर बसले, जिथं गिऱ्हाईकं नंबर लावून बसतात. ‘अख्ख्या नाक्याची डोकी माझ्या हाताखालून जातात,’ म्हणाले. ‘कोणाला कोंडा, कोणाला चाई, घरी जाऊन तुझ्या अम्मीला सांगतो. आणि माझ्या पोरीचं डोकं...’ डोळे पुसले, त्याच फडक्यानं.

मग उठले. दिवा लावला. हात धुतले. आपाच्या केसांत बोटं घालून भांग पाडून पाडून बघितलं, गिऱ्हाईकाचं बघतात तसं सावकाश.

‘मुळं जिती आहेत. येतील. दुखतं का?’

‘न्हाई.’

‘टोकं एकसारखी करू का? मग फिरवून बांधता येतील.’

आपानं मान हलवली.

‘मान हलवू नको. सीधी बैस.’ आणि तिच्या खांद्यावर धुतलेलं कापड टाकलं.

मी शटरजवळ उभी होते. कातरीचा आवाज आणि बाहेर बसचा. आपाचे डोळे मिटलेले. तिच्या चेहऱ्यावर इतका निवांतपणा मी कधी बघितला नव्हता.

४ फेब्रुवारी, बुधवार

अम्मीला कळलं. आधी रडली, मग माझ्यावर ओरडली — मी का सांगितलं नाही. मग आपावर — तिनं का सांगितलं नाही. मग अब्बांवर — नुसतंच. मग आपाचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि भाजी विसरली. आमच्या घरी काहीही झालं की जेवण करपतं.

अब्बा म्हणाले, वाशिमला आजच सांगायचं. फुलं घालताना कळण्यापेक्षा आता कळू दे. अम्मी म्हणाली, रिश्ता तुटेल. अब्बा म्हणाले, तुटू दे मग.

फोन झाला. त्या बाई भल्या निघाल्या! ‘बाल तर येतात हो, त्यात काय!’ फक्त दोन अटी. एक — मंगनीत आणि निकाहमध्ये विग घालायचा, त्या नांदेडहून आणतील, कुणाला सांगायचं नाही. दुसरी — त्या डोक्याच्या दवाखान्यात आता जायचं नाही. लोक काय म्हणतील!

अम्मीनं लगेच शेवया टाकल्या. अब्बांनी मोठा श्वास सोडला. सगळे खूश. आपाला विचारलं तर म्हणाली, ‘बघू.’

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रयोगाचे आकडे जमले! औषध दिलेल्या उंदरिणी कमी खातात आणि अंग जास्त वेळ साफ करतात. फरक चांगला दिसतो. मॅडम खूश, शिवशंकर तर नाचला. म्हणतो, रिसर्च पेपरात अब्बांच्या फवाऱ्याचे आभार मानू.

मॅडमना विचारून परवा कारागीरच्या पिंजऱ्यात कागदाच्या पट्ट्या आणि पुठ्ठ्याची नळी टाकली. पट्ट्या कुरतडून घर बांधून राहिली. पायाकडं लक्ष कमी आहे. दोन दिवसांवरून काही म्हणता येत नाही, असं मॅडम म्हणतात. मी पण तेच लिहिलं. पण मला आनंद झाला, ते कुठल्या रकान्यात लिहू?

७ फेब्रुवारी, शनिवार

आपानं सकाळी अब्बांचा मोबाइल मागितला. आम्हा सगळ्यांसमोर, उभ्यानं वाशिमला, अय्याजच्या अम्मीला फोन लावला.

‘खालाजान, तुमी मोठ्या मनाच्या आहात. पण मी दवाखाना सोडणार न्हाई. आणि दुसऱ्याचे केस घालून नवीन घरात यायचं न्हाई मला. उद्याची मंगनी राहू द्या. माफ करा.’

तिकडून काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. आपानं सलाम केला, फोन ठेवला. आवाज जराही कापला नाही.

अम्मी भिंतीला टेकून खालीच बसली. पाहुण्यांसाठी आणलेलं दूध, सुकामेवा, सगळं समोर. मला वाटलं आता अब्बा रागावतील. ते आपाकडं वळले. मग म्हणाले,

‘लहानपणापासून कशाला न्हाई म्हणाली नव्हती ही. ईदीला बी जे देईन ते घ्यायची.’

आणि जाऊन दुकान उघडलं.

८ फेब्रुवारी, रविवार

मोटरसायकल थांबली. दारात एक मुलगा, अंगभर धूळ, हेल्मेट हातात. एकटाच. अब्बांना सलाम केला.

‘मी अय्याज. घरी म्हणतात तिकडून नकार आला, काहून ते कोणी सांगून न्हाई राहिलं. मी काही चुकलो का?’

त्याला कुणी काहीच सांगितलेलं नाही! ना केसांचं, ना विगचं, ना दवाखान्याचं. अम्मी माझ्याकडं बघते, मी अब्बांकडं.

आतून आपा आली. अब्बांच्या बाजूला उभी राहिली आणि त्याला म्हणाली,

‘बसा. मी सांगते सगळं.’